झिपमध्ये फोल्डर नसतात हे दाखवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

त्या दिवशी घाईत तुमचे आभार मानायचे राहूनच गेले, म्हणून हे पत्र.

गुणपत्रकांच्या पीडीएफ एका झिपमध्ये बांधून शाळांना पाठवणारी पायथन स्क्रिप्ट माझी होती. घरच्या लॅपटॉपवर मी ती निकालांच्या फोल्डरमध्येच उभं राहून चालवायचो, त्यामुळे झिप नीट बनायची. सर्व्हरवर पूर्ण पाथ, म्हणजे फोल्डरचा मुळापासूनचा पत्ता, दिला आणि झिप उघडल्यावर आधी 'होम', त्यात 'अ‍ॅप', त्यात 'डेटा', त्यात 'निकाल', त्यात 'जून', आणि मग कुठे पीडीएफ. एका शाळेतल्या क्लार्क बाईंचा फोन आला, "फाईल रिकामीच आलीय हो." त्या दुसऱ्या फोल्डरवरच थांबल्या होत्या. त्यांचा तो ओशाळलेला आवाज मला फार लागला, कारण चूक त्यांची नव्हतीच.

दोन दिवस मी नुसत्या तिरक्या रेघा बदलत बसलो होतो. तुम्ही शेजारी खुर्ची ओढलीत आणि कोडला हात न लावता टर्मिनलवर 'पायथन -एम झिपफाईल -एल' चालवलंत. नावांची यादी समोर आली. "बघ, यात फोल्डर कुठे आहेत? नुसती नावं आहेत. फोल्डरची नोंद असली तरी तीही शेवटी तिरकी रेघ असलेलं नावच." झिपमध्ये फाईल टाकणाऱ्या 'राइट'ला 'आर्कनेम', म्हणजे झिपमधलं नाव, दिलं नाही, तर पायथन पाथच्या सुरुवातीची रेघ तेवढी काढतं आणि उरलेला सगळा पाथ नाव म्हणून ठेवतं, हे मला तेव्हा कळलं.

मग तुम्ही म्हणालात, "गावात घर विचारलं तर कोणी तालुका-जिल्हा सांगतं का? मारुतीच्या देवळामागे, एवढंच सांगतात." एखाद्या ठिकाणापासूनचा छोटा पाथ काढणाऱ्या 'रिलपाथ'ला कुठून मोजायचं ते प्रत्येक वेळी स्वतः सांगायचं, नाहीतर ते चालू डिरेक्टरीपासून, म्हणजे प्रोग्राम ज्या फोल्डरमध्ये उभा आहे तिथून, मोजतं, हे त्या एका वाक्यानं डोक्यात बसलं.

अख्खा फोल्डर एकदम झिप करणाऱ्या 'मेक_आर्काइव्ह'चा घोळही तुम्हीच सोडवलात. 'रूट_डिर' म्हणजे कुठे उभं राहायचं, 'बेस_डिर' म्हणजे तिथून काय उचलायचं. 'रूट_डिर'ला 'जून' दिलं की पीडीएफ सुट्या पडतात. 'रूट_डिर'ला 'निकाल' आणि 'बेस_डिर'ला 'जून' दिलं की झिपमध्ये 'जून' फोल्डर येतो. कागदपत्रांत हे लिहिलेलं आहे, मी चार वेळा वाचलंही होतं.

निघता निघता सर्व्हरवर पायथन ३.८ आहे हे पाहून तुम्ही थबकलात. ३.१०.६ च्या आधी 'रूट_डिर' दिलं की 'मेक_आर्काइव्ह' अख्ख्या प्रोसेसची, म्हणजे चालू असलेल्या पूर्ण प्रोग्रामची, चालू डिरेक्टरी तेवढ्यापुरती बदलतं, आणि मी तर त्याच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या दोन थ्रेडमधून दोन शाळांच्या झिप एकदम बनवत होतो. एका शाळेचे निकाल दुसरीच्या झिपमध्ये गेले असते तर? ते मी विचारलंही नव्हतं, ताई. तुम्ही आपणहून थांबून पाहिलंत.

परवा त्याच बाईंचा फोन आला होता, पुढच्या वर्षीच्या यादीसाठी. झिपचा विषयही निघाला नाही.

मनापासून आभार.

तुमचा,
खिडकीजवळच्या टेबलावरचा सहकारी