ताई, ते पोस्टर फाडायला लावलंत त्याबद्दल थँक्यू

ताई,

नाव लिहिलं तर चिडाल म्हणून लिहीत नाही, पण वाचल्यावर तुम्हाला लगेच कळेल.

आपलं पहिलं भांडण आठवतं ना? आम्ही बायकांनी गच्चीवर, खिडकीत ते छोटे सेन्सर लावले होते आणि एका पहाटे पीएम २.५ चे, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक कणांचे, आकडे असे काही चढले की आम्ही त्याच दिवशी पोस्टर करून मोकळ्या, आणि तुम्ही आलात, पोस्टर बघितलंत आणि विचारलंत काय तर, "त्या पहाटे धुकं होतं का?" मला इतका राग आला! पोराला दमा, रात्री पंप उशाशी, वीज केंद्राच्या चिमण्या खिडकीतून दिसतात, आणि ही बाई धुक्याचं विचारतेय.

मग तुम्ही शांतपणे समजावलंत, की हे साधे सेन्सर कणांवर पडून विखुरणारा लेझरचा उजेड मोजतात, दमट हवेत कण पाणी धरून फुगतात आणि आकडा उगाच फुगतो. एक सेन्सर तर चक्क एक्झॉस्ट फॅनच्या तोंडाशी लावलेला निघाला. (माझाच होता, आता कबूल करते.) पोस्टर फाडलं, सगळे सेन्सर काही आठवडे सरकारी मोजणी यंत्राशेजारी ठेवून फरक काढला, दमटपणाचा हिशोब धरला, आणि तुमच्या सांगण्यावरून वहीत रोज वाऱ्याची दिशा लिहायला लागलो. आकडे खाली आले, मी हिरमुसले. पण वारा चिमण्यांकडून आला की ते परत वर जायचे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये २४ तासांची मर्यादा घनमीटर हवेमागे २५ वरून १५ मायक्रोग्रॅमवर आणलीय, तिच्या कितीतरी पुढे जायचे. कंटाळवाणं काम होतं हो, खोटं कशाला बोलू.

त्या दिवसांत तुम्ही शिकागोच्या हेझल जॉन्सनची गोष्ट सांगितलीत, की नवरा फुप्फुसाच्या कॅन्सरने गेल्यावर तिने घरोघरी जाऊन कोणाला काय आजार आहे ते लिहून काढलं, आणि १९९४ मध्ये अमेरिकेत पर्यावरण न्यायाच्या, म्हणजे प्रदूषणाचा भार गरीब वस्त्यांवरच पडू नये अशा, आदेशावर सही झाली तेव्हा ती तिथे हजर होती. त्याच शहरातली फिस्क आणि क्रॉफर्ड ही कोळशाची केंद्रं २०१२ मध्ये बंद पडली, त्या लढ्यात पुढे असलेल्या किंबर्ली वासरमनच्या बाळालाही दमा होता. हे ऐकलं त्या रात्री मला झोप नाही लागली.

आणि आपल्या वीज केंद्राच्या धुराबद्दलच्या सुनावणीत झालं काय, समोरच्या साहेबांनी पहिलाच प्रश्न धुक्याचा विचारला! आमच्यातली सगळ्यात कमी बोलणारी उठली आणि दमटपणाचा हिशोब, वाऱ्याची वही, सगळं पानासकट दाखवलं. साहेब गप्प. तुम्ही बोलायला उठला असतात तर सोपं झालं असतं, पण तुम्ही खुर्चीवरून हललाही नाहीत, त्याचे आभार वेगळे.

केंद्र बंद झालेलं नाही. वस्तीत कायमचं मोजणी यंत्र बसवायचं तेवढं मान्य झालंय. सोलरचं घोडं मात्र अजून अडलेलंच, कारण सवलत ज्याचं छप्पर त्याला, आणि आम्ही बहुतेक सगळे भाडेकरू, म्हणजे धूर आमच्या वाट्याला आणि स्वस्त वीज ज्यांचं स्वतःचं घर त्यांना, हे कुठलं गणित? म्हणून आता एका मोठ्या छपरावर सामायिक सोलर आणि प्रत्येकीच्या हिश्शाची वीज तिच्या बिलातून वजा, अशी मागणी लिहितोय. पहिला मसुदा तुम्हाला पाठवते, लाल पेन तयार ठेवा.

वाऱ्याची वही आता धाकट्या जावेकडे दिलीय. ती कुठलाही आकडा वाढला की आधी धुकं होतं का ते विचारते, अगदी तुमच्याच आवाजात.

तुमची,
एक्झॉस्टवाली