चि. बाईशारी हीस

औसा, मंगळवार, रात्रीचे साडेनऊ

चि. वैशाली हीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास. आई म्हणते रेंज गेली असेल. सदतीस वर्षं लेकरं सांभाळली आहेत मी, रेंज गेलेली आणि फोन आपटलेला यातला फरक मला कळतो. चूक माझीच. पुढच्या वर्षाच्या करारावर सही करू नको, जुलै झाला की गाशा गुंडाळून ये, असं तोंडातून गेलं. तू एवढ्या उत्साहानं तिकडच्या जपानी शाळेतल्या चौथीच्या वर्गातलं सांगत होतीस आणि मी मध्येच भलतंच काढलं.

म्हणून आज कागद घेऊन बसलो. भूकंपाबद्दल एक ओळही लिहायची नाही असं ठरवलं आहे. पप्या याचा फोटो काढून तुला पाठवील, मूळ कागद पार्सलमध्ये टाकतो.

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज मी चार वेळा ऐकला. रिटायर माणसाला दुसरा उद्योग काय! तुझा दिवस आता मला पाठ झाला आहे. सायकल लावायची, दारातल्या खणात बाहेरचे बूट ठेवून आतले घालायचे, शिक्षकांच्या खोलीत शिरताना सगळ्यांना ऐकू जाईल असं ‘ओहायो गोझाइमास’, म्हणजे सुप्रभात, म्हणायचं. मग ४५ मिनिटांचा एक असे चार-पाच तास. सकाळच्या मोठ्या सुट्टीत पोरं तुला ओढून डॉजबॉल खेळायला नेतात आणि तू पहिल्याच फटक्यात बाद होतेस. शाळेत असताना तुला लंगडीत कुणी घेत नव्हतं, ते आठवलं.

जेवणाच्या सुट्टीचं तर मी कट्ट्यावर सगळ्यांना सांगून झालं. पांढरी टोपी, पांढरा एप्रन घातलेली दुसरी-तिसरीची लेकरं पातेली ओढत वर्गात आणतात, एक भात वाढतो, एक सूप वाढतो, सगळ्यांची ताटं भरेपर्यंत कुणी घास उचलत नाही. आमच्याकडं खिचडी शिजवायला मावशी आणि वाढायला आम्ही. लेकराच्या हातात पळी द्यायला मी सदतीस वर्षांत धजलो नाही, सांडतील म्हणून. मुख्याध्यापक लेकरांच्या आधी जेवण चाखून बघतात म्हणालीस, तेव्हा मात्र हसू आलं. आपल्याकडंही चव नोंदवही असते. कितीदा घास न घेता ‘चव उत्तम’ लिहून सही ठोकली आहे मी, आता सांगायला हरकत नाही.

सूपात माशाचा अर्क असतो म्हणून तू घरून डबा नेतेस, हे आक्कांना सांगितलं. त्यांनी गळ्यातल्या माळेला हात लावला आणि म्हणाल्या, “आपलीच आहे ती.” दूध घेतेस ना पण? ते २०० मिलीचं खोकं रोज संपव.

आणि तुझं नाव. ‘व’ त्यांना जमत नाही, ‘ल’चा ‘र’ होतो, म्हणून तू ‘बाइशारी सेन्सेई’, म्हणजे बाइशारी मास्तरीण. हे ऐकल्यापासून आई येता-जाता हसते. आपल्या शाळेत मास्तरीण म्हणजे बाईच. सात समुद्रापलीकडच्या लेकरांनी तुला न शिकवता बाई करून टाकलं! त्यांच्या ‘एल’ आणि ‘आर’च्या मागं फार लागू नकोस. आपली पोरं ‘शाळा’ला ‘साळा’ म्हणतच मॅट्रिक झाली, त्यातली दोन आज तहसील कचेरीत आहेत.

तुझी तक्रार मात्र मी नीट ऐकली. वर्गशिक्षक पाठ ठरवणार, तू नुसते इंग्रजी शब्द म्हणून दाखवायचे, आणि तू म्हणालीस, “अण्णा, मी चालता-बोलता टेपरेकॉर्डर आहे.” अगं, सहाय्यक शिक्षक म्हणजे शेवटी शिक्षणसेवकाचाच भाऊ. पहिली काही वर्षं खडू उचलून द्यायचे. पण त्या वर्गशिक्षकाच्या बाजूनंही बघ. त्यांच्याकडं पाचवी-सहावीला इंग्रजी हा विषय झाला २०२० पासून, वर्षाला ७० तास. तिसरी-चौथीला ३५, तेही नुसता उपक्रम म्हणून. गणित, भाषा, गाणं, पोहणं सगळं एकट्यानं शिकवणाऱ्या माणसाच्या डोक्यावर एके दिवशी इंग्रजी आणून ठेवलं. आपल्याकडं २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा मी रात्री कंदिलापाशी ‘धिस’ आणि ‘दीज’ घोकत होतो आणि तू माझ्या मांडीवर झोपलेली असायचीस. ज्याला स्वतःलाच धाकधूक आहे, तो मदतनिसाला लांब ठेवतो. त्याच्याशी तासाआधी दोन मिनिटं बोल. त्याला जे येत नाही ते पोरांसमोर दुरुस्त करू नको. फळ्याकडं पाठ करून उभी राहू नको. मागच्या बाकावरच्या मुलाला आधी…

झालं माझं सुरू. तुला शिकवायची सवय जाईना. तुला शाळा कळते, माझ्यापेक्षा जास्त. साफसफाईच्या वेळी ओल्या फडक्यावर दोन्ही हात टेकून, ढुंगण वर करून व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळणाऱ्या पोरांच्या रांगेत तूही पळालीस, हे पुस्तकात वाचून कुणी करत नाही. आमच्याकडं लेकराच्या हातात झाडू दिसला की आधी मोबाइल निघतो, मग बातमी येते.

शाळेचा फोटो पाठवलास तो पप्यानं मोठा करून दाखवला. खिडक्यांवरून लोखंडाच्या जाड फुल्या मारलेल्या दिसल्या. आईला वाटलं शोभेच्या आहेत. मी काही बोललो नाही. मला माहीत होतं, भूकंपात इमारत धरून ठेवायला त्या असतात.

लिहिलंच शेवटी. आता लिहूनच टाकतो.

तू गेलीस २०२४ च्या जुलैअखेर. आठ ऑगस्टला तिकडं दक्षिणेला मोठा धक्का बसला आणि तुमच्या त्या समुद्राखालच्या नानकाई भेगेबद्दल सावध राहा, अशी सूचना सरकारनं पहिल्यांदाच काढली. तू शिझुओकात, म्हणजे बरोबर त्या भेगेच्या काठावर. तुझं सामान अजून उघडलेलं नव्हतं. तेव्हापासून मी वाचतोय. वाचू नये ते सगळं वाचलं. २०११ च्या ११ मार्चला इशिनोमाकीकडच्या एका प्राथमिक शाळेतली ७४ लेकरं आणि १० शिक्षक गेले. भूकंपात नाही, नंतर आलेल्या त्सुनामीच्या लाटेत. सगळे धडधाकट बाहेर आले होते. मैदानात पन्नासेक मिनिटं रांगेत थांबले, कुठं जायचं ते ठरेना, आणि मागं टेकडी होती. त्याच दिवशी त्याच किनाऱ्यावरच्या कामाइशीची पोरं वाट न बघता उंचावर पळत सुटली, धाकट्यांचा हात धरून, आणि वाचली. मास्तर म्हणून मला ती पन्नास मिनिटं सोडत नाहीत. मी असतो तर मीही हजेरी घेत बसलो असतो.

तुझी शाळा समुद्रापासून किती लांब आहे, हे मी दोनदा विचारलं आणि तू दोनदा हवामानाचं सांगितलंस.

आणि परवाचं. तू हसत सांगितलंस म्हणून मीही हसलो, पण मला ते असं दिसतं. चौथीचा वर्ग, तुझ्या हातात उन्हाचं चित्र असलेलं कार्ड, पोरं ‘सनी, सनी’ ओरडताहेत. भोंग्यावर काहीतरी बोललं जातं. तीस खुर्च्या एकदम सरकतात आणि वर्ग रिकामा. सगळी बाकाखाली, बाकाचे पाय घट्ट धरून. वर्गशिक्षक आधी धावतो ते दार उघडून ठेवायला, चौकट अडकू नये म्हणून. आणि तू उभीच, कार्ड हातात. मग एक पोरगी बाहेर हात काढून तुझ्या जॅकेटला हिसका देते, “सेन्सेई!”

धक्का लहान होता, कपाटावरची कुंडीही पडली नाही, मान्य. माझी भीती त्या धक्क्याची नाहीच. भोंग्यावर काय सांगतात ते तुला कळतं का? घाईघाईत, घाबऱ्या आवाजात सांगितलं तर? नऊ वर्षांच्या लेकराला कळलं आणि तुला कळलं नाही. ती पोरगी दर वेळी जवळ असणार आहे का? घरी एकटी असतेस तेव्हा?

तू म्हणतेस इमारती पक्क्या आहेत. असतील. किल्लारीत भिंती दोन-दोन हात रुंद होत्या, लोक अभिमानानं दाखवायचे. दगड आणि माती, वर माळवदाचा भार. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन. तुला एवढंच माहीत आहे की विसर्जन करून उशिरा आलो म्हणून मी शाळेच्या मैदानात आडवा झालो आणि वाचलो. बापूकाकांचं तुला ‘गेले’ एवढंच सांगितलं आहे. ते लगेच गेले नाहीत. माळवदाखालून त्यांचा आवाज येत होता. “पायावर तुळई आहे रे, बाकी बरा आहे,” असं म्हणाले. आम्ही सहा जण हातांनी माती उपसत होतो, फावडंसुद्धा नव्हतं. नेमकं कुठं खणायचं ते कळेना, आवाज एकदा इकडून यायचा, एकदा तिकडून. दहाच्या सुमाराला घोगरा झाला. बारानंतर आला नाही. काढलं तेव्हा आम्ही चार हात बाजूला खणत होतो.

हे मी तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही. पप्या, हे वाचून गप बस.

रविवारी फोन ठेवण्याआधी तू म्हणालीस, “तुम्ही तरी सोडून गेलात का, अण्णा?” दोन दिवस त्याला उत्तर शोधतोय. पुण्याच्या मामांनी नोकरी बघून ठेवली होती. दिवाळीनंतर पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरवली तेव्हा हजेरीपट जुनाच होता. चौथीत एकतीस नावं. नाव पुकारायचं आणि थांबायचं. एकोणीस जणांनी ‘हजर’ म्हटलं. उरलेल्या बारांपुढं काय लिहायचं ते कुणी शिकवलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी नवा हजेरीपट मागवला आणि पुण्याला कळवलं, येत नाही. तेव्हा माझ्या आईनं आठ दिवस माझ्याशी अबोला धरला होता. तीही हेच म्हणायची, बस झालं, चल.

तेव्हा सही करायची तर कर. मी विचारणार नाही. (जानेवारीत विचारीन बहुतेक.)

पण एवढं कर. बूट खाटेखाली ठेव, काच पायात जाते. बॅटरी उशाशी ठेव. आणि त्या वर्गशिक्षकाला सांग, भोंग्यावरची वाक्यं कागदावर लिहून दे. दहा-बाराच असतील, पाठ कर. तुझी ती भूकंपाच्या नियमांची ‘ओ-का-शि-मो’ आक्कांनी पाठ केली आहे. ढकलायचं नाही, पळायचं नाही, बोलायचं नाही, माघारी फिरायचं नाही. संध्याकाळी हरिपाठ झाला की म्हणून दाखवतात. तिसरा नियम आपल्या घरात कुणालाच जमायचा नाही, आणि चौथ्याबद्दल मी आता तोंड उघडत नाही.

पार्सलमध्ये शेंगाची चटणी आहे, जवसाची आहे, आईनं विणलेला कानटोपरा आहे. चटणीच्या डब्यामागं पांढऱ्या रुमालात माझी कवायतीची शिट्टी आहे. पितळी आहे, नवी दोरी ओवली आहे. बाकी सगळं रिटायर होताना शाळेतल्या बाईंनी जमा करून घेतलं, ही तेवढी मी मागून घेतली. पोरांसमोर वाजवू नको, नाहीतर ती रांगेत उभी राहतील. गळ्यात घालायची लाज वाटत असेल तर किल्लीला बांध. आवाज थकतो, शिट्टी थकत नाही.

मला अजून तीन छप्पनला जाग येते, तुला माहीत आहे. तुमचं घड्याळ साडेतीन तास पुढं, म्हणजे तिकडं सात सव्वीस. तू सायकलचं कुलूप काढत असतेस. पूर्वी मी उठून अंगणात जायचो. हल्ली पडूनच तुझ्या वळणांचा हिशेब करतो: दुकान, पूल, सिग्नल, शाळा.

पुलावर थांबून फोटो काढू नकोस.

तुझे,
अण्णा

ता. क. समुद्र किती लांब, ते कळव.