सुट्टीवर येणारी बादली

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला सुट्टीतल्या हॅम रेडिओवरचा, म्हणजे परवाना घेऊन हौसेने चालवायच्या रेडिओवरचा, लेख आवडला. एका वाक्याला मात्र अडखळले. कमी फ्रिक्वेन्सीचे बँड (रेडिओ लहरींचे पट्टे) घरी मोठा अँटेना असणाऱ्यांसाठीच, प्रवासात त्यांच्या नादी लागू नये, असे लेखक म्हणतात. मी गेली काही वर्षे सुट्टीत नेमकी याच नादी लागते, म्हणून हे पत्र.

हिशेबाने लेखकाचे चुकलेले नाही. ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झच्या बँडची तरंगलांबी सुमारे ६३० मीटर. अँटेना म्हणून पाव तरंगलांबीची तार उभी करायची तर जवळजवळ १६० मीटर उंची हवी. माझ्याकडे असते १० मीटरची फायबरग्लासची काठी, तिच्या टोकावरून दोन बाजूंना ताणलेल्या दहा-दहा मीटर तारा आणि एक प्लॅस्टिकची बादली. बादलीवर तांब्याच्या तारेचे साठेक वेढे आहेत. या कॉइलशिवाय इतकी आखूड तार या फ्रिक्वेन्सीशी जुळतच नाही. जाताना खुंट्या, दोऱ्या, हेडफोन सगळे त्याच बादलीत. ५० वॅट सोडले तरी त्यातला अर्धा वॅटही हवेत जात नाही, बाकीचे जमीन आणि कॉइल तापवण्यात खर्ची पडतात.

तरीही एका रात्री तीनशेहून जास्त किलोमीटरवरच्या केंद्राने माझा कॉलसाइन, म्हणजे हॅमचे ओळखचिन्ह, टिपला. श्रेय ‘विस्पर’ (WSPR) या संगणकाने संदेश पाठवण्या-वाचण्याच्या पद्धतीचे. नोबेलविजेते खगोलशास्त्रज्ञ जो टेलर यांनी ही पद्धत २००८ साली आणली. कॉलसाइन, ठिकाण आणि पॉवर एवढाच संदेश, पण तो जवळजवळ दोन मिनिटे चालतो आणि बँडमधली जागा अडवतो जेमतेम सहा हर्ट्झ. कानाला काहीच ऐकू येत नसताना संगणक तो उचलतो.

खरी गंमत मात्र ऐकण्यात आहे. घरी या बँडवर एलईडी दिवे आणि आजूबाजूचे चार्जर यांचीच घरघर. मोकळ्या माळावर बॅटरीवर रिसीव्हर लावला की ती नाहीशी होते आणि कुठल्या तरी दूरच्या विजांची तडतड ऐकू येते. एकदा भाड्याच्या बंगलीतही घरघर पाठ सोडेना. एकेक प्लग काढत गेले, तर दोषी निघाला आमच्या यांच्या लॅपटॉपचा चार्जर! त्या संध्याकाळी यांनी पुस्तक वाचले. कुरकुरत का होईना.

लेखात धोक्यांचा उल्लेख नाही, तो हवा होता. कॉइलच्या अँटेनाकडच्या टोकाला ५० वॅटलाही हजार-दीड हजार व्होल्ट चढतात, तिथे मुलांचा हात पोहोचता कामा नये. मार्कोनींनी १९०१ साली न्यूफाउंडलंडला पतंगानेच तार वर चढवली होती, म्हणून मीही एकदा तो मोह केला. आकाश निरभ्र होते, तरी तारेवर साचलेल्या स्थिर विजेने असा झटका दिला की हातातली रीळ सुटली. पतंग उतरवला तो कायमचा. काठी असो की पतंग, आसपास विजेच्या तारा असतील तर सामान उघडूच नये. आणि परदेशी जाताना आपला परवाना तिथे चालतो का, हा बँड तिथे खुला आहे का, हे निघण्यापूर्वी पाहावे.

हा विषय पुन्हा घेतलात तर विजेच्या तारांबद्दलची ओळ तेवढी ठळक छापावी, ही विनंती.

आपली,
एक परवानाधारक हॅम