जिन्यातला दिवा खरोखर बंद करणाऱ्या वायरमन काकांना

वायरमन काका,
सप्रेम नमस्कार.

काम झाल्यावर "बघा, काही वाटलं तर फोन करा" एवढंच बोलून तुम्ही निघालात. आभार मानायचे राहूनच गेले, ते आज सगळ्यांसमोर मानते.

आमच्या जिन्यातला एलईडी बल्ब बटण बंद केलं तरी रात्रभर मिणमिणत राहायचा. साठ वॅटचा जुना बल्ब होता तोवर असं कधी झालं नव्हतं, त्यामुळे दोष नव्या बल्बलाच. आधी आलेल्या एकाने बल्ब बदलला, दुसऱ्याने होल्डर. आजी म्हणायची, असू दे, रात्री उठायला बरं पडतं.

तुम्ही मात्र बल्ब काढून बाजूला ठेवलात आणि बटण बंद असताना होल्डरच्या पिनांना टेस्टर लावलात. एका पिनेवर तो लागला. मग जिन्याखालचा प्लग पाहिलात. समोरून बघताना फेज (वीज आणणारी तार) उजव्या भोकात हवा, आमच्याकडे तो डावीकडे! "मग बोर्डात शोधून उपयोग नाही, मागे जंक्शन बॉक्समध्येच लाल-काळी उलटी जोडलीय," म्हणालात. आणि तसंच निघालं.

म्हणजे आमचं बटण फेजऐवजी न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) तोडत होतं. दिवा बंद, पण होल्डरपर्यंत २३० व्होल्ट हजर. शेजारून जाणाऱ्या तारांमुळे जो किंचित करंट वाहतो, त्याने जुन्या बल्बची फिलामेंट तापतसुद्धा नाही; एलईडीला तेवढा पुरतो. हे सांगून झाल्यावर तुम्ही विचारलंत, "बल्ब घरात कोण बदलतं?" बाबा बदलतात. लोखंडी स्टुलावर चढून, बटण बंद आहे या भरवशावर. खरं सांगायचं तर त्या एका प्रश्नासाठी हे पत्र आहे. बल्ब बदलून गेलेल्यांपैकी कुणालाच तो सुचला नव्हता.

मेन स्विच पाडल्यावरही तुम्ही टेस्ट लॅम्प लावून खात्री केलीत, मगच बॉक्सला हात घातलात.

जोड सरळ केल्यावरही बल्ब जरासा दिसतच होता. दुसरा कुणी असता तर "कंपनीच तशी" म्हणून मोकळा झाला असता. तुम्ही सांगितलंत, की जिन्याला वर-खाली टू-वे स्विच आहेत (एकच दिवा दोन्हीकडून लागतो-विझतो), त्यांच्यामधल्या दोन तारा लांबवर लागून जातात, आणि दिवा बंद असतानाही त्यातल्या एकीत फेज असतोच. त्याचा थोडा परिणाम दुसरीवर होतो. "आता होल्डरमधला थेट फेज गेला, हे फक्त दिसायला वाईट," असं म्हणूनही बल्बला समांतर एसीचा छोटा कपॅसिटर (तो किंचित करंट बल्बऐवजी स्वतःकडे वळवणारा भाग) बसवलात. बल्ब पूर्ण विझला. आजीची तेवढी कुरकुर चालू आहे.

माळ्यावरच्या पॉइंटला अर्थिंगची तारच नाही, असं तुम्ही जाता जाता म्हणाला होतात. पावसाळ्याआधी ते करून घ्यायचं ठरलंय. दिवस तुमच्या सोयीने कळवा, आणि सामान काय आणून ठेवू तेही सांगा.

तुमची,
जिन्याच्या घरातली थोरली