राटनला जाताना आगबोट, येताना रेल्वे

प्रिय ईशा,

ड्रेस्डेनहून एल्ब नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या राटन गावी जाताना आगबोट घे आणि परत रेल्वेने ये. उलट केलंस तर बोट प्रवाहाबरोबर भराभर खाली येते, यंत्राला फारसं काम राहत नाही. ड्रेस्डेनहून वर जायला मात्र चारेक तास लागतात आणि तेवढा वेळ यंत्र जोर लावत असतं. पाहायचं ते तेच.

ड्रेस्डेनमधल्या टेरासेनउफरच्या धक्क्यावर तिकीट काढताना बोटीचं नाव विचार. तिथल्या आगबोट कंपनीच्या ताफ्यात वाफेच्या नऊ जुन्या चाकबोटी आहेत, पण मोटारबोटीही आहेत. ‘डीसबार’ मिळाली तर फारच उत्तम. बोट 1884 ची, पण तिचं यंत्र 1841 चं, लंडनच्या जॉन पेनच्या कारखान्यातलं. म्हणजे आपली बोरीबंदर–ठाणे गाडी सुटली त्याच्या बारा वर्षं आधीचं! तिला अजून कोळसाच लागतो, तेव्हा धुराड्याच्या मागे बसू नकोस आणि पांढरा कुडता घालू नकोस.

यंत्र मधोमध उघडंच असतं. जुन्या बोटींत सिलिंडर स्वतःच डोलतो. पिस्टनचा दांडा थेट क्रँकला, म्हणजे चाकाचा आस फिरवणाऱ्या वाकड्या दांड्याला, जोडलेला असतो, मधला कनेक्टिंग रॉडच नाही. त्यामुळे क्रँक फिरेल तसा सिलिंडर कलत जातो. वाफ आत येते ती ज्या पोकळ खुंट्यांवर तो डोलतो त्यांच्यातूनच. सगळं यंत्र बुटकं राहतं, उथळ बोटीत बसतं. चाकाच्या पात्याही पक्क्या ठोकलेल्या नसतात. बाजूला सरकवलेल्या केंद्रावरून येणारे दांडे त्यांना असे वळवतात की पाण्यात शिरताना आणि निघताना त्या जवळपास उभ्या राहतात. तिरक्या शिरल्या तर बरीच ताकद पाणी आपटण्यात आणि उचलण्यात जाईल.

बोटीचा तळ पाण्याखाली मीटरभराच्या आतच असतो, तरी कोरड्या उन्हाळ्यात वरच्या टप्प्यातल्या फेऱ्या रद्द होतात. आदल्या रात्री एल्बची पातळी बघ. ड्रेस्डेनच्या मोजपट्टीवर 60 सेंटिमीटर दिसलं म्हणून नदी तेवढीच खोल असं नव्हे. पट्टीचा शून्य तळाशी नसतो. पूर आला तरी पंचाईतच, कारण पुलाखालची जागा कमी पडते. एरवी धुराडं आडवं करून बोट निघते. ते बघायला पुलाआधी वरच्या डेकवर जा.

डाव्या हाताला बस. लोश्वित्सचे तीन वाडे, पिलनित्सचा राजवाडा आणि शेवटी बास्टायचे सुळके, सगळं त्याच बाजूला. जेवण घरून ने, बोटीवरचं महाग पडतं.

बास्टाय चढायला पाऊण तास धर. कडा नदीपासून 194 मीटर उंच आहे. स्टेशन पलीकडच्या काठावर आहे, तिथे दोराला बांधलेली नाव नेते. तिला इंजिन नाही, प्रवाहच ढकलतो. पुढे एस-१ ही उपनगरी गाडी. तुझा डॉइचलंडटिकेट, म्हणजे देशभर चालणारा महिन्याचा पास, तिच्यावर चालतो, आगबोटीवर नाही.

तुझे,
बाबा