काका, तुम्ही माझ्या लाईनला लाईन मानलंत

आदरणीय काकांस,

शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही मला बोलूच दिलं नाहीत. "आभार कसले मानता ताई, एका सकाळचं काम होतं," म्हणालात आणि विषय बदललात. म्हणून आता लिहायला बसले आहे, आणि चार लोकांना वाचता येईल असं उघडच लिहिते आहे. तुमच्या आधी ज्यांच्या ज्यांच्या दारी मी गेले, त्यांनीही हे वाचावं अशी माझी फार इच्छा आहे.

तुम्हाला सगळं माहीत आहे, पण बाकीच्यांसाठी थोडं सांगते. बडोद्याच्या अकोटा भागातल्या आमच्या घरामागे, आंबा आणि कढीलिंबाच्या मधून, माझी एक छोटी रेल्वे धावते. दोन रुळांमधलं अंतर ४५ मिलिमीटर. माप जुनंच, पण न्यूरेंबर्गच्या लेहमान कंपनीने १९६८ साली एलजीबी या नावाने या मापाच्या, उन्हापावसात चालणाऱ्या गाड्या काढल्या आणि बागेतल्या रेल्वेचा छंद जगभर पसरला. मात्र तयार मिळणाऱ्या गाड्या बहुतेक परदेशी. मला हवी होती आपली बडोद्याजवळच्या डभोईची छोटी गाडी. आपली नॅरोगेज ७६२ मिलिमीटरची, म्हणजे ४५ मिलिमीटरच्या रुळावर तिचं प्रमाण बसतं साधारण १:१७. त्या प्रमाणात बाजारात जवळपास काहीच मिळत नाही. झेडडीएम-५ या नॅरोगेजच्या डिझेल इंजिनाची बॉडी मी पत्रा कापून केली, चाकं मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर करून घेतली, स्लीपर सुताराकडच्या सागाच्या उरलेल्या पट्ट्यांचे. रुळांतून वीज सोडलेली नाही. बडोद्याच्या धुळीत पितळी रूळ रोज घासत बसावं लागलं असतं. बॅटरी इंजिनाच्या पोटात आणि रिमोट हातात. रोज सकाळी रंगाच्या ब्रशने रुळांवरची पानं झाडायची, स्लीपरमधून वर आलेल्या दुर्वा उपटायच्या, मुंग्यांनी खडीखालची माती उकरली असेल तर ती पुन्हा दाबायची. बँकेतून निवृत्त झाल्यापासून माझी सकाळ अशी जाते, आणि दिवसातला तोच वेळ मला सगळ्यात प्रिय आहे.

डभोईच का, तर लहानपणी आजोबांबरोबर चांदोदला नर्मदेवर जायचो ते डभोईला या गाडीत बसून. आता तिथे ब्रॉडगेज आहे, जानेवारी २०२१पासून गाड्या थेट केवडियापर्यंत जातात. लोकांची सोय झाली, चांगलंच झालं. जुनी गाडी निदान माझ्या परसात तरी राहावी, एवढंच मला वाटत होतं.

ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदीचा पूर घरात शिरला. गाद्या, फ्रिज, कपाटाचे खालचे खण, सगळं गेलं, जसं आमच्या अख्ख्या गल्लीचं गेलं. पाणी ओसरल्यावर सुद्धा "आधी मगर आहे का बघा, मगच पाय टाका" असं शेजारी ओरडून सांगत होते. परसात घोट्याच्या वर गाळ. खडी वाहून गेलेली, पूल एका अंगाला कललेला, आणि ट्रंकेत ठेवलेल्या इंजिनाच्या गिअरमध्ये सुद्धा तोच राखाडी, चिकट गाळ. घर मार्गी लागल्यावर मी एकेक गोष्ट उपसली, धुतली, वाळवली. नवी मोटर बसवली, लाईन पुन्हा टाकली. गाडी सुरू झाली, आणि आंब्याजवळच्या वळणावर पडायला लागली. कधी इंजिन, कधी मागचा डबा, पण जागा तीच.

आता ज्यांच्याकडे गेले त्यांचं सांगते. नाव कुणाचंच घेत नाही, ज्याचं त्याला कळेल. एका मोठ्या दुकानात गेले, जिथे अशा छंदाचं सामान मिळतं. तिथल्या माणसाने इंजिन हातात सुद्धा घेतलं नाही. "आमच्याकडचं नाही ना मॅडम," म्हणाला, आणि वर, "नातवासाठी नवीन सेट दाखवू का?" दुसऱ्या एका दुरुस्तीवाल्याने इंजिन ठेवून घेतलं आणि कित्येक महिने फोन उचलला नाही. परत मिळालं तेव्हा दाराजवळची पितळी दांडी वाकलेली होती, आतला एक स्क्रू फिरवल्याची खूण नव्हती, आणि तपासणीचे पैसे मात्र मोजून घेतले. ओळखीतले एक इंजिनिअर गृहस्थ "या रविवारी नक्की" म्हणायचे. ते रविवार आले आणि गेले. बाहेरच्यांचं एवढं लागलं नाही. घरातल्याच एका मोठ्या माणसाने चार लोकांत मला सुनावलं, "लोकांचे संसार पाण्यात गेले आणि तू खेळणं कुरवाळत बसलीस." तेव्हा मी गप्प बसले. आज सांगते, आमचाही संसार पाण्यात गेला होता. फ्रिज आम्ही आठवड्याभरात दुकानातून आणला. ही लाईन कुठल्या दुकानातून आणायची होती मी?

असं सगळं झाल्यावर तुमचा मुलगा फाटकाचं ग्रिल वेल्ड करायला आला. काम संपवून जाताना परसात थांबला, लाईनकडे बघत राहिला आणि म्हणाला, "आमचे बाबा डभोई सेक्शनला कीमॅन होते. त्यांना सांगतो." मी 'हो' म्हटलं, पण मनात काही धरलं नाही. तोवर 'सांगतो' हा शब्द फार ऐकून झाला होता. कीमॅन म्हणजे हातोडा आणि पाना घेऊन रोज आपला पट्टा पायी चालणारा, रूळ जागेवर घट्ट धरणारी एकेक चावी ठोकून बघणारा माणूस. ज्याच्या भरवशावर आपण गाडीत झोपतो आणि ज्याचा चेहरा आपल्याला कधी दिसत नाही.

काका, तुम्ही उजाडता उजाडता आलात. चहा आधी नको म्हणालात, उन्हं चढायच्या आत रूळ बघायचे होते. परसाच्या पायरीवर चपला काढल्यात. मला वाटलं तुम्ही सरळ वळणापाशी जाल. तुम्ही आधी विचारलंत, "ताई, गाडी कुठल्या बाजूने येते?" मी म्हटलं, गोल लाईन आहे, दोन्हीकडून चालवते. "मग दोन्हीकडे लावावं लागेल," म्हणालात आणि पिशवीतून दोन लाल झेंड्या काढल्यात.

त्या झेंड्या मी जन्मात विसरणार नाही. बोटाएवढ्या, खराट्याच्या काडीला दोऱ्याने घट्ट बांधलेल्या. कापडाच्या कडा दुमडून मशीनवर बारीक टीप मारलेली, सूत निघू नये म्हणून. काकूंनी आदल्या रात्री शिवून दिल्या हे मला नंतर तुमच्या मुलाकडून कळलं. वळणाच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक, अशा तुम्ही त्या रुळांच्या मधोमध खडीत रोवल्यात, हलवून बघितल्यात, आणि मला म्हणालात, "रिमोट तुमच्याच हातात ठेवा. मी सांगेपर्यंत गाडी सोडायची नाही."

तुम्ही हसला नाहीत. मी तुमच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं, कारण तोवर लोकांच्या चेहऱ्यावरचं ते बारीक हसू शोधायची मला सवयच लागली होती. ते कुठेच नव्हतं. काम चालू असताना लाईनचं रक्षण करायचं, हा तुमचा आयुष्यभराचा नियम, आणि माझ्या परसातली लाईन त्या नियमात बसत होती. बस. त्याहून जास्त काही तुमच्या मनात नव्हतं, हेच मला आतपर्यंत लागलं. तुम्ही माझी लाईन डोळ्यांनी पाहिलेली सुद्धा नव्हती. नुसत्या मुलाच्या सांगण्यावरून आदल्या रात्री दोन झेंड्या तयार करून घेतल्या होत्यात. मी आत जाऊन चहाचं आधण ठेवण्याच्या निमित्ताने डोळे पुसून आले, हे आज सांगते.

मग तुम्ही चक्क पालथे झोपलात, गाल खडीला टेकवून एक डोळा मिटलात आणि रुळाच्या रेषेत बराच वेळ बघत राहिलात. उठलात आणि म्हणालात, "गाडीत दोष नाही ताई. लाईनीत ट्विस्ट आहे." आंब्याच्या मुळांकडची बाजू घट्ट होती, दुसऱ्या बाजूखालची भर पुराने पोकळ केली होती, म्हणून एकच रूळ मधेच किंचित खाली बसत होता. डब्याची चारही चाकं टेकत नव्हती, एक हलकं राहत होतं आणि वळणावर तेच रुळावर चढत होतं. इतके महिने सगळे इंजिनाला नावं ठेवत होते! जोडांमधल्या फटी गाळाने बुजल्या होत्या, त्याही तुम्ही दाखवल्यात. दहा मीटर पितळी रूळ तीस अंशांनी तापला तर सहाएक मिलिमीटर वाढतो. फट नसेल तर मे महिन्यात तो जाणार कुठे? पुढचं काम तुम्ही इतक्या शांतपणे केलंत की मी नुसती बघत होते. जुन्या स्क्रूड्रायव्हरने स्लीपरखाली खडी कोंबून पॅकिंग, पुन्हा पालथं झोपून नजर, पुन्हा पॅकिंग. शेवटी दोन्ही झेंड्या काढून, पुसून, गुंडाळून खिशात ठेवल्यात आणि म्हणालात, "सोडा आता." गाडी वळणावरून गेली. परत आली. पुन्हा गेली.

चहा घेताना मी तुम्हाला बडोद्याच्या खंडेराव महाराज गायकवाडांच्या लाईनबद्दल विचारलं. डभोई–मियागाम, १८६२ साल. सुरुवातीला गाडी बैल ओढायचे, कारण टाकलेले रूळ इंजिनाचं वजन पेलणारे नव्हते. जड रूळ टाकल्यावर १८७३पासून इंजिनं कायमची आली. हे मी पुस्तकात वाचलेलं. तुम्ही बशी खाली ठेवून म्हणालात, "इंजिनाचा फोटो सगळे काढतात ताई. रूळ हलका असेल तर इंजिन आणून उपयोग काय, बैलच जुंपावे लागतात." आणि जाता जाता माझ्या छोट्या लाईनवरच्या रेल्वे फाटकाअलीकडे 'सी/फा'चा, म्हणजे 'सीटी/फाटक'चा, बोर्ड नाही हेही तुमच्या नजरेतून सुटलं नाही. ड्रायव्हरने शिटी कुठे द्यायची मग? तो बोर्ड मी त्याच संध्याकाळी पत्रा कापून केला, पिवळा रंगवला आणि लावला.

पैशाचं पाकीट तुम्ही हातात सुद्धा घेतलं नाहीत. काकूंसाठी कढीलिंबाच्या दोन डहाळ्या मागून घेतल्यात, त्याही मी तोडून देईपर्यंत थांबलात, स्वतः हात लावला नाहीत.

काका, मी बँकेत असताना रोज शेकडो माणसं काउंटरवर यायची. कुणाचं काम मोठं, कुणाचं पन्नास रुपयांचं. पन्नास रुपयेवाल्याकडे बघताना साहेबांची मान वर होत नसे, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. माणसाचा भलेपणा तिथे कळतो. दुसऱ्याला जे मोलाचं वाटतं, ते आपल्याला कळो न कळो, त्याला हात लावताना आपला हात जपून पडतो की नाही? दुकानात, ऑफिसात, घरात सुद्धा हे फार कमी लोकांना जमतं. शिक्षणाने येतं म्हणावं, तर मला रविवारची तारीख देत राहिलेले गृहस्थ खूप शिकलेले होते. पदाने येतं म्हणावं, तर तुम्ही उभा जन्म रुळाच्या कडेने पायी चाललात. ज्या घरात आजोबा अशी झेंडी लावतात आणि आजी रात्री जागून तिच्या कडा शिवते, त्या घरातली मुलं कशी होत असतील ते तुमच्या मुलाने फाटकाचं वेल्डिंग किती नीट केलं आहे त्यावरून मला कळलंच आहे. पाणी लागूनही अजून कुठे गंज नाही.

काकूंना माझा नमस्कार सांगा. त्यांना भेटून झेंड्यांबद्दल मला स्वतःच्या तोंडाने सांगायचं आहे, ते चिठ्ठीत मावत नाही.

आणि एक विनंती आहे. गेल्या आठवड्यातल्या पावसानंतर पुलाच्या अलीकडचा जोड किंचित खाली बसल्यासारखा वाटतो. मी तुमच्यासारखी पालथी झोपून बघितलं, पण माझ्या डोळ्यांना अजून तेवढं कळत नाही. गाडी पडत नाहीये, तरी मी त्या टोकाला चालवणं बंद ठेवलं आहे. उघडीप पडली की काकूंना घेऊन एका सकाळी याल का? या वेळी चहाआधी पोहे खावे लागतील.

तुमची,
अकोट्याची ताई