गप्पी मासे कुठे सोडावेत, कुठे नाही

महोदय,

पावसाळा लागला की डासांच्या बंदोबस्तासाठी गप्पी मासे सोडल्याची छायाचित्रे झळकू लागतात. पुढे ते मासे जगले का, हे कोणी पाहत नाही. पिण्याच्या विहिरीत याच दिवसांत टीसीएल, म्हणजे क्लोरीनयुक्त ब्लीचिंग पावडरही टाकली जाते. क्लोरीनने माशांचे कल्ले भाजतात आणि मासे पृष्ठभागावर येऊन तडफडत मरतात. म्हणजे एक कर्मचारी मासे सोडतो, दुसरा ते मारतो! गप्पी न पिण्याच्या पाण्यातच सोडावेत: बागेतले हौद, कारंजी, बांधकामावरच्या टाक्या, बंद पडलेल्या विहिरी.

हौदात नळाचे पाणी भरले असेल तर ते किमान एक दिवस उघडे राहू द्यावे. मासे आणलेली पिशवी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी, मग तिच्यात हौदाचे पाणी थोडे थोडे मिसळावे आणि मासे जाळीने उचलून सोडावेत. दर चौरस मीटरला पाच-दहा मासे पुरेत, एका नरामागे दोन-तीन माद्या. आयते खाद्य घालू नये. पोट भरलेला गप्पी डासांच्या अळ्यांकडे ढुंकूनही पाहत नाही. पाणवनस्पती दाट झाल्या की अळ्या त्यांच्या आडोशाला वाचतात, म्हणून कडा मोकळ्या ठेवाव्यात.

पुन्हा पुन्हा मासे आणायची गरज नसते. मादी अंडी घालत नाही, साधारण चार आठवड्यांनी वीस-चाळीस जिवंत पिल्ले देते. नराचे शुक्राणू ती काही महिने साठवून ठेवते, त्यामुळे एकटी मादीही हौद भरून टाकते. हा गुण हौदात सोयीचा, ओढ्यात घातक. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागातला, घाण पाण्यातही तगणारा. नदी-तळ्यांत तो देशी माशांची अंडी-पिल्ले फस्त करतो. तिथे तो सोडूच नये. डोक्यावर चमकता ठिपका असलेला आपला देशी पिकू मासा अळ्या तितक्याच आवडीने खातो. त्याची पैदास करून वाटप का होत नाही, हे कळत नाही.

आणि डेंग्यूचा एडिस डास बहुधा घरातल्या पिंपात, कूलरमध्ये, कुंडीखालच्या ताटलीत वाढतो. तिथे गप्पीचा उपयोग नाही. आठवड्यातून एकदा भांडे रिकामे करून आतल्या कडा घासाव्यात. नुसते पाणी ओतून भागत नाही, कारण कडेला चिकटलेली अंडी कोरडी पडूनही काही महिने जिवंत राहतात.

— एक मत्स्यपालक, सांगली